सेरामपूरचे सहा प्रश्न

आमच्या एरंडोलातून परदेशी शिकायला जाणारे पोर आता नवलाचे राहिलेले नाही. गेल्या वर्षी माझी भाची जर्मनीला गेली. महिनाभर घरात वजनकाट्याचा मुक्काम होता. खानदेशी मसाला किती, उडदाचे पापड किती, याचा रोज नवा हिशेब. पण तिचा खरा वेळ गेला तो ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांना उत्तरे देण्यात. "एकटीच चालली का? इथं कॉलेजं नाहीत का?" ते ऐकताना मला १८८३ सालचा फेब्रुवारी आठवत राहिला.

आनंदीबाई जोशींची कथा वाचकांना नव्याने सांगायला नको, श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'ने ती घरोघर पोचवली आहे. मात्र आपले लक्ष गोपाळरावांच्या हट्टाकडे आणि फिलाडेल्फियाकडे जाते, निघण्याच्या तयारीकडे फारसे जात नाही.

ही तयारी बव्हंशी कागदावर झाली. टपालखात्यात नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी १८७८ मध्ये वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय होईल का, असे विचारले. उत्तरात धर्मांतराची सूचना आली. ती दोघांनी मानली नाही. पण ते पत्र वाइल्डरच्या मासिकात छापले गेले आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते वाचले. तिथून आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पासपोर्टची सक्ती तेव्हा नव्हती (ती पहिल्या महायुद्धातली, आपला कायदा १९२० चा). परक्या देशातले घर आधी पत्रांतून आपलेसे करायचे, हाच परवाना. एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते, म्हणून की काय, या टपालाचे मला फार अप्रूप वाटते.

उरली इथली माणसे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात (हे श्रीरामपूर, पण आपले नगरचे नव्हे) आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले आणि लोकांचे सहा प्रश्न स्वतःच मांडून एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? संकट आले तर? कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? 'एकटी का' याचे उत्तर अगदी घरगुती होते: दोघांपुरता पैसा नाही आणि मागची माणसे कोणी सांभाळायची?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. समुद्रपर्यटनाची धास्ती पोकळ नव्हती. राघोबादादांचा वकील हनुमंतराव १७८१ मध्ये विलायतेत होता. एडमंड बर्कने त्याला स्वयंपाकाला आणि पूजेअर्चेला आपल्या बागेतले काचघर दिले होते. इतका सोवळेपणा पाळूनही परतल्यावर त्याला सोन्याच्या योनीतून पार होऊन पुनर्जन्माचा विधी करावा लागला, असे विल्फर्डने नोंदवले आहे. आनंदीबाईंनी मात्र उलट विचारले की, वाळीत टाकायचेच तर आताच का नाही? आणि त्याबरोबर शब्दही दिला: आहार, पेहराव, चालीरीती काही बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन.

७ एप्रिलला त्या 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीने निघाल्या. अठरावे पूर्ण होऊन आठवडा झाला होता. ४ जूनला न्यूयॉर्क. पुढे थंडीत नऊवारीने पाय उघडे पडू लागले, तेव्हा त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. दिलेल्या शब्दात एवढीच फट. शाकाहार शेवटपर्यंत पाळला. १८८६ मध्ये पदवी मिळाली, वर्षअखेर क्षयाने खंगून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्या शब्दाने त्यांचा जीव घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल; क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. तरीही सामानातले सर्वांत जड ओझे तेच होते, असे मला वाटते. एरवी बाईला बोटीपर्यंत कोणी जाऊ दिले नसते.

भाची निघाली त्या रात्री आजी तिला आत घेऊन बराच वेळ बसली होती. काय काय कबूल करून घेतले, ते मी अजून विचारलेले नाही.