बाहुल्यांचा उत्सव : पिंगुळी आणि ख्रुदिम

कुडाळापासून जवळच पिंगुळी नांवाचें गांव आहे. संस्थानी काळांत हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. १९४८ सालीं संस्थान विलीन झाल्यावर तो रत्नागिरी जिल्ह्यांत आला, आणि १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतो. या पिंगुळींत ठाकर समाजाचीं कांहीं घरें आहेत. महाराष्ट्रांत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढीजाद विद्या म्हणून जेथें टिकला, अशी दाखवितां येण्याजोगी जागा हीच. बाहुल्यांच्या उत्सवाचा इतिहास सांगावयाचा तर मध्य युरोपांतील चेक लोकांकडे जावें लागतें हें खरें. पण निघावें पिंगुळीहून, म्हणजे तेथील गोष्टीचा अर्थ नीट लागतो.

बाहुलीचा खेळ आपल्याकडे किती जुना आहे, हें भाषाच सांगते. ज्ञानेश्वरींत साइखडियाच्या बाहुलीचा दृष्टान्त आहे. तो देतांना ज्ञानदेवांनीं खेळाचें वर्णन करीत बसण्याची गरज मानली नाहीं, कारण ऐकणाऱ्यांनीं तो पाहिलेला होता. संस्कृत नाटकांतील ‘सूत्रधार’ हा शब्दहि मूळचा दोरी धरणाऱ्याचा, असें जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनीं १९०० सालीं प्रतिपादिलें आणि सगळ्या नाट्याचा उगमच त्यांनीं बाहुल्यांच्या खेळांत शोधला. एका शब्दावर एवढी इमारत उभारणें मला धाडसाचें वाटतें. परंतु मराठी रंगभूमीच्या आरंभीं एक योगायोग आहे खरा. १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे स्वतः लांकडी बाहुल्या घडविण्यांत निष्णात होते. त्यांच्या बाहुल्या पुढें रामदास पाध्ये यांनीं दुरुस्त करून पुनः रंगमंचावर आणल्या.

पिंगुळीच्या ठाकरांपाशीं मात्र एकच खेळ नव्हे. दोऱ्यांवर नाचणाऱ्या लांकडी बाहुल्या आहेत. पडद्यामागें दिवा ठेवून ज्यांची सावली पाडतात त्या चामड्याच्या बाहुल्या आहेत. आणि चित्रकथी आहे. चित्रकथींत कागदावर रंगविलेलीं चित्रें एकामागून एक पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यान गाऊन सांगावयाचें. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्यास ‘पोथी’ म्हणतात. हा शब्द मला फार बोलका वाटतो. सांगणाऱ्याच्या दृष्टीनें तीं नुसतीं चित्रें नव्हेत. ती वाचावयाची आणि पूजावयाची वस्तु आहे. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. शिवकाळांत हे लोक खेळ करीत हिंडतां हिंडतां हेरगिरीहि करीत, असें त्यांच्या घरांतून सांगतात. ती कथा कुळाच्या अभिमानाची म्हणून ऐकावी. वाडीकरांचा आश्रय आणि देवळांतील उत्सवांत ठराविक दिवशीं खेळ करण्याचा मान, या दोन खांबांवर ही विद्या उभी होती.

पुढें संस्थान गेलें आणि आश्रयहि गेला. देवळांतील मान नांवापुरता उरला, सिनेमा आला, आणि मुलें मुंबईची वाट धरूं लागलीं. त्याच कोंकणांत दशावतार मात्र जोमानें चालूं राहिला, कारण जत्रेची रात्र त्याच्या हातून सुटली नाहीं. रात्र ठरलेली, प्रेक्षक ठरलेला. मग नट आपोआप तयार होतो. बाहुलीकरांची ती रात्र सुटली.

आतां चेक लोकांकडे वळूं. त्यांचा बाहुलीवालाहि मूळचा गांवोगांव हिंडणाराच. माटेय कोपेत्स्की (१७७५–१८४७) हा त्यांतील सर्वांत नांवाजलेला. ऑस्ट्रियाच्या सत्तेखालीं शहरांतून आणि कचेऱ्यांतून जर्मन भाषेचें प्राबल्य असतां हे लोक खेड्यांत चेक भाषेंत खेळ करीत. म्हणून स्वभाषेच्या चळवळींत त्यांना आदराचें स्थान मिळालें. पण खरी कलाटणी विसाव्या शतकाच्या आरंभीं मिळाली. बाहुली फिरस्त्यांच्या हातून शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या हातीं गेली. १९११ सालीं बाहुलीनाट्याच्या चाहत्यांची संघटना निघाली, १९१२ सालीं या एकाच विषयाला वाहिलेलें नियतकालिक निघालें, आणि १९२९ सालीं प्राग येथें ‘युनिमा’ ही बाहुलीकरांची आंतरराष्ट्रीय संस्था जन्मास आली. योसेफ स्कुपा यांनीं १९२० सालीं श्पेय्बल हा बाप आणि १९२६ सालीं हुर्वीनेक हा त्याचा वात्रट मुलगा रंगमंचावर आणला. नाझी अमलांत स्कुपांच्या खेळांतील सूचक बोलणें लोकांना कळे. १९४४ मध्यें गेस्टापोनें त्यांना पकडलें, आणि १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला त्या धुमाळींत ते तुरुंगांतून निसटले.

महायुद्धानंतर राजवट बदलली, नाटकगृहें सरकारच्या हातीं गेलीं. अशा वेळीं १९५१ सालीं ख्रुदिम या लहानशा गांवीं हौशी बाहुलीकरांचा उत्सव सुरू झाला. प्रागसारखी राजधानी सोडून आडबाजूचें गांव निवडलें गेलें, यांतच त्याचें टिकाऊपण असावें असें मला वाटतें. देशभर प्रांतोप्रांतीं निवड व्हावी, निवडलेल्या मंडळ्यांनीं उन्हाळ्यांत ख्रुदिमला जमावें, खेळ करावेत आणि एकमेकांच्या खेळांवर निर्भीडपणें चर्चा करावी, अशी त्याची घडण झाली. कालांतरानें शिकाऊंसाठीं वर्ग जोडले गेले, परदेशी पाहुणे येऊं लागले. १९५२ सालीं प्रागच्या नाट्यविद्यालयांत बाहुलीकलेचा स्वतंत्र विभाग निघाला. तरी हौशी लोकांचा मेळावा त्यानें झांकला गेला नाहीं. १९७२ सालीं ख्रुदिममधील एका जुन्या देखण्या वाड्यांत बाहुल्यांचें संग्रहालय उघडलें. १९८९ मध्यें राजवट पुनः बदलली, पुढें देशाचे दोन भाग झाले. उत्सव चालूंच राहिला. २०१६ सालीं युनेस्कोनें चेक आणि स्लोव्हाक बाहुलीकलेस मानवतेच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

आपल्याकडे विद्या घराण्यांत राहिली. त्यामुळें ती शुद्ध राहिली, पण घर खचलें कीं तीहि खचे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनीं ही अडचण ओळखली. त्यांनीं आपल्या गोठ्याच्या जागेंतच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हें संग्रहालय उभें केलें. जुन्या पोथ्या, बाहुल्या आणि वाद्यें तेथें मांडलीं, आणि आलेल्यांना खेळ करून दाखविण्याचा प्रघात पाडला. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरची पुढची पिढी आज हा खेळ करते, आणि बाहेरून शिकावयास येणाऱ्यांच्या हातींहि दोरी देते.