सातभाया : सागराने घेतलेल्या जमिनीचा प्रश्न

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात, भितरकनिकाच्या खारफुटीलगत, एकेकाळी सात गावांचा समूह होता. ‘सातभाया’ म्हणजे सात भाऊ, हे नाव त्यावरूनच पडले. बंगालच्या उपसागराने यातील गावे एकामागून एक गिळली आणि अखेरीस सातभाया व कान्हुपूर तेवढी उरली. २०१८ मध्ये राज्य सरकारने तेथील ५७१ कुटुंबांचे सुमारे १२ किलोमीटर अंतरावरील बागपतिया येथे पुनर्वसन केले. किनाऱ्याची धूप झाल्याने घर सोडावे लागलेल्यांसाठी सरकारने वसविलेली ही देशातील पहिली वसाहत मानली जाते.

ग्रामदेवता पंचुबाराहीलाही हलवावे लागले. तिच्या पाच मूर्तींची पूजा दलित मच्छीमार समाजातील विवाहित स्त्रियाच करतात. पुरुषांना मूर्तींचा स्पर्श वर्ज्य. एप्रिल २०१८ मधील स्थलांतराच्या वेळी मात्र जड मूर्ती उचलण्यासाठी पुरुषांची मदत घ्यावी लागली. समुद्राला रोखून धरणारी देवी, अशी तिची ख्याती होती.

हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सागरपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली; २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर पोहोचला. तथापि सातभायाची कहाणी केवळ पातळीवाढीची नव्हे. महानदीवरील धरणांमुळे किनाऱ्याला मिळणारा गाळ घटणे आणि १९७१ व १९९९ ची विध्वंसक चक्रीवादळे यांचाही त्यात वाटा आहे. कारणे अशी गुंतलेली असल्यामुळे जबाबदारी कोणा एकावर निश्चित करता येत नाही.

खरी अडचण कायद्यात आहे. सरकारने प्रकल्पासाठी जमीन घेतल्यास २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला व पुनर्वसनाचा हक्क मिळतो. तीच जमीन समुद्राने घेतल्यास तो कायदा लागू होत नाही. चक्रीवादळ, पूर, त्सुनामी, इतकेच काय पण टोळधाडीसारखा किडींचा प्रादुर्भावही केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहे. किनाऱ्याची संथ धूप नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धूपग्रस्तांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली, ही या दिशेची महत्त्वाची पहिली नोंद. तीत नदीकाठचे विस्थापितही समाविष्ट आहेत.

बागपतियात प्रत्येक कुटुंबाला १० डेसिमल, म्हणजे सुमारे ४ गुंठे जागा आणि घरबांधणीसाठी दीड लाख रुपये मिळाले. एवढ्या जागेत घर उभे राहते. भातशेती होत नाही. बुडालेल्या शेताच्या बदल्यात शेत मिळाले नाही आणि समुद्रही आता दूर राहिला. त्यामुळे वसाहतीतील अनेक तरुण मजुरीसाठी परराज्यांत जातात.