पंचक्रोशीतले प्रियाराधन

तरुण-तरुणींनी मोकळेपणाने भेटावे, बोलावे, एकमेकांची पारख करावी आणि मग लग्नाचे ठरवावे किंवा ठरवू नये, ही रीत शहराने जन्माला घातली अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कॉलेज आले, चित्रपटगृह आले, नोकरी आली, अलीकडे हातात मोबाइल आला आणि त्यांच्या पाठोपाठ 'डेटिंग' हा शब्दही आपल्या घरात शिरला. खेड्यात प्रत्येकाची नजर प्रत्येकावर. तेथे असल्या मोकळिकीला वाव कोठला, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. जेथे सारे गाव एका प्रार्थनामंदिरात मावत होते, जेथे धर्माचा धाक मोठा होता आणि शेजाऱ्याच्या घरी काय शिजले हेही लपत नव्हते, अशा वस्तीत तरुणांना जी मोकळीक होती ती पाहून आजचे शहरही चकित होईल. आम्ही बोलतो आहोत ते अठराव्या शतकातील न्यू इंग्लंडविषयी. म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेन या मुलखाविषयी. ही मोकळीक चालली कशी आणि तिची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत.

प्रथम त्या गावांचे स्वरूप ध्यानात घेऊ. ही वस्ती प्युरिटन पंथाच्या लोकांची. शेती, गुरे, लाकूडतोड हा व्यवसाय. एकेका गावात काही शे, फार तर हजार-दोन हजार माणसे. लोकर पिंजण्यापासून प्रेत पोचवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत शेजाऱ्याची गरज. त्यामुळे तरुण मंडळी भेटत ती मुद्दाम ठरवून नव्हे, तर कामाच्या निमित्ताने. मक्याची कणसे सोलायला सारा शेजार एका कोठारात जमे. सोलताना एखाद्याला तांबडे कणीस सापडले तर त्याने आवडत्या मुलीचे चुंबन घ्यावे असा संकेत होता. बायका गोधड्या शिवायला एकत्र बसत आणि संध्याकाळी तरुण येऊन मिळत. १७२० नंतर प्रार्थनागीते शास्त्रशुद्ध शिकवण्यासाठी गानवर्ग निघाले. त्यांचा हेतू धार्मिक खरा. पण हिवाळ्याच्या रात्री मुलगे आणि मुली तेथे एकत्र गात आणि बरोबरच घरी परतत. आपल्याकडे जत्रेत आणि लग्नसराईत जे साधे, ते तेथे कोठारात आणि गानवर्गात साधत असे.

यापुढची पायरी मात्र आपल्याला अपरिचित आहे. त्या प्रथेला 'बंडलिंग' असे नाव होते; बंडल म्हणजे गाठोडे. एखादा तरुण मुलीला भेटायला दोन-चार कोस बर्फातून चालत येई. दिवस कामात गेलेला, म्हणून भेट रात्रीचीच. घर लहान, चूल एकच, लाकूड जपून वापरायचे. अशा वेळी मुलीचे आईबाप झोपायला जात आणि हे दोघे अंगावरच्या कपड्यांनिशी एकाच बिछान्यात, एकाच पांघरुणाखाली बोलत रात्र काढीत. पलीकडच्या खोलीत, कधी त्याच खोलीत, आईबाप असत. सकाळी तो कोणाच्या घरून निघाला हे गावाला ठाऊक असे. ही केवळ अमेरिकेची तऱ्हा नव्हती. वेल्स, हॉलंड, स्वित्झर्लंड, स्वीडन येथील शेतकऱ्यांतही रात्रीच्या प्रियाराधनाच्या अशाच रीती होत्या. पाहुण्याला जागा द्यावी, थंडी टाळावी आणि मुलीला माणूस ओळखता यावा, अशी तिहेरी सोय त्यात होती.

सॅम्युएल पीटर्स नावाच्या धर्मोपदेशकाने १७८१ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या कनेटिकटच्या इतिहासात या प्रथेची चक्क तरफदारी केली आहे. त्याचे म्हणणे असे की, बोस्टनसारख्या शहरांतील लोकांना १७५६ च्या सुमारास सभ्य होण्याची हौस आली. त्यांनी बिछाना बंद केला आणि सोफा आणला. परिणाम असा झाला की बिछान्यापेक्षा सोफाच अधिक घातक ठरला! पीटर्स अतिशयोक्तीबद्दल प्रसिद्ध आहे; त्याचे सारे विधान खरे मानण्याचे कारण नाही. पण एक बारीक खूण त्यात आहे. ही प्रथा ग्रामीण आणि साध्या घरांतली होती, आणि शहरी सभ्यतेला तिची लाज वाटू लागली होती.

आता कोणी विचारील, कपड्यांनिशी म्हणजे नियम खरोखर पाळला जात होता काय? याचे उत्तर गावोगावच्या लग्न-जन्मांच्या नोंदवह्यांनी दिले आहे. डॅनियल स्कॉट स्मिथ आणि मायकेल हिंडस या अभ्यासकांनी १९७५ मध्ये अशा नोंदींचा ताळा मांडला. सतराव्या शतकात लग्नानंतर नऊ महिन्यांच्या आत पहिले मूल झालेल्या वधूंचे प्रमाण शेकडा दहाच्या आत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शेकडा तीसच्या आसपास गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते पुन्हा दहापर्यंत खाली आले. म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पिढीत दर तीन-चार वधूंपैकी एक बोहल्यावर चढताना गरोदर होती.

याला निव्वळ अनाचार म्हणून भागत नाही. कारण जमिनीत आहे. सुरुवातीच्या पिढ्यांत बापाजवळ जमीन भरपूर; मुलाला लग्न करायचे तर बापाने जमीन तोडून देईपर्यंत थांबावे लागे. या थांबण्यातच बापाची सत्ता होती. अठराव्या शतकात वाटण्या होत होत शेते तुटपुंजी झाली. द्यायला जमीनच उरली नाही, तेव्हा बापाच्या होकाराचे वजनही उतरले. मुले स्वतःच्या मनाने जोडीदार निवडू लागली, आणि मूल होणार हे कळले की घरच्यांना संमती देणे भाग पडू लागले. तरुणांच्या हाती आलेले हे एक प्रकारचे हत्यारच होते.

धर्मपीठ स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. जोनाथन एडवर्ड्‌स हा त्या काळचा सर्वांत बुद्धिमान धर्मवेत्ता. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थहॅम्प्टन गावी तो उपदेशक होता. १७३० नंतरच्या दशकात त्याने रात्रीच्या मेळाव्यांवर आणि बिछान्यातल्या प्रियाराधनावर व्यासपीठावरून कोरडे ओढले. १७४४ मध्ये त्याला कळले की, गावातील काही तरुण सुईणींसाठी लिहिलेले पुस्तक गुपचूप वाचतात आणि त्यातील मजकुरावरून मुलींची टवाळी करतात. मुलींचा हा उपमर्द एडवर्ड्‌सला खपला नाही. येथपर्यंत तो बरोबर होता. पण त्याने चौकशीसाठी बोलवायच्या तरुणांची यादी भर सभेत वाचून दाखवली. आरोपी कोण आणि साक्षीदार कोण हे सांगितलेच नाही. त्या यादीत गावातील बड्या घराण्यांची मुलेही निघाली. सारे गाव बिथरले. पुढे १७५० मध्ये गावाने एडवर्ड्‌सला काढून टाकले. त्याचे मुख्य कारण धर्मविधीत कोणाला सामील करावे हा वाद होते. पण मन विटायला सुरुवात झाली ती या प्रकरणापासून, असे त्याचे चरित्रकार मानतात. लहान गावाला सर्व ठाऊक असते. पण जे ठाऊक आहे ते व्यासपीठावरून उच्चारलेले त्याला चालत नाही.

मग या मोकळिकीवर लगाम कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एका सुईणीच्या रोजनिशीत सापडते. मार्था बॅलर्ड ही १७३५ मध्ये जन्मलेली एक साधी बाई. मेनमधील केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावी ती राहत होती. १७८५ पासून १८१२ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या वर्षापर्यंत, तिने रोज चार ओळी लिहिल्या. हवा कशी, सूत किती, कोणाच्या घरी बाळंतपण, फी मिळाली की नाही. सत्तावीस वर्षांत ८१६ बाळंतपणांची नोंद तिने केली. बर्फातून, पुरातून, कधी होडीने, कधी घोड्यावरून ही साठीची बाई जात होती. इतिहासकारांनी ही वही बराच काळ क्षुल्लक म्हणून बाजूला टाकली होती. लॉरेल थॅचर उलरिक या विदुषीने ती ओळ न् ओळ तपासून १९९० मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

उलरिक यांच्या हिशेबाप्रमाणे १७८५ ते १७९७ या काळात मार्थाने १०६ स्त्रियांचे पहिलटकरपण केले. त्यांतील ४० जणींना लग्नाआधी दिवस गेले होते. आणि या ४० पैकी ३१ जणींचे लग्न मूल जन्मण्यापूर्वी त्याच पुरुषाशी झालेले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे त्या समाजाची घडी उलगडते. मोकळीक होती, पण मोकळिकीचा शेवट बहुधा लग्नात होत असे. ज्या गावात मुलगा राहणार, जेथे त्याला नांगर उसना मागायचा, जेथे रविवारी सर्वांसमोर बसायचे, तेथे जबाबदारी झटकून तो जाणार कोठे?

जे लग्न करीत नसत त्यांच्यासाठी कायदा होता. अविवाहित स्त्री प्रसूतिवेदनांत असताना सुईणीने तिला मुलाच्या बापाचे नाव विचारावे, अशी सतराव्या शतकापासूनची रीत होती आणि १७८६ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानेही ती कायम ठेवली. त्या घटकेला स्त्री खोटे बोलणार नाही, ही त्यामागची श्रद्धा. तिने घेतलेले नाव शेवटपर्यंत बदलले नाही, तर त्या पुरुषाला पोटगी द्यावी लागे. ऑक्टोबर १७९१ मध्ये मार्था अशाच एका मुलीच्या बाळंतपणाला गेली. तिने रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारला. उत्तरात नाव आले ते मार्थाच्याच मुलाचे. मार्थाने ते जसेच्या तसे वहीत उतरवले. रागाचा शब्द नाही, सारवासारव नाही. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १७९२ मध्ये, त्या दोघांचे लग्न झाले आणि ती मुलगी रीतसर मार्थाची सून झाली.

येथे थांबून त्या काळाची आरती ओवाळावी असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लग्नाबाहेर मूल झाले तर न्यायालयापुढे खेचली जाई ती बहुतेक स्त्रीच. अठराव्या शतकात पुरुषावर खटला क्वचितच भरला जाई. मूल झाले म्हणून जुळलेले प्रत्येक लग्न सुखाचे झाले, असेही कोणी म्हणू शकणार नाही. आणि गावाच्या नजरेची मर्यादा त्याच हॅलोवेलमध्ये उघडी पडली. तेथील माजी धर्मोपदेशकाच्या पत्नीने गावच्याच एका न्यायाधीशावर बलात्काराचा आरोप केला. तिने आपली कहाणी मार्थाला आधीच सांगितली होती. मार्थाने कोर्टात जाऊन साक्ष दिली. १७९० मध्ये न्यायाधीश निर्दोष सुटला. बरोबरीच्या घरातला मुलगा असेल तर गाव त्याला वाटेवर आणू शकत होते. अधिकारावर बसलेल्या माणसापुढे त्याच गावाचा आवाज बसला.

१८०० नंतर चित्र झपाट्याने पालटले. घरे मोठी झाली, लोखंडी शेगड्या आल्या, दिवाणखाना आला. बिछान्यातल्या गप्पांचे निमित्त उरले नाही. पण खरा बदल याहून खोल होता. तरुण पश्चिमेकडे नव्या जमिनींच्या शोधात निघाले, मुली लोवेलच्या कापडगिरण्यांत कामाला लागल्या. आज भेटलेला तरुण उद्या गावात असेलच याचा भरवसा राहिला नाही. त्याच्या शब्दाला जामीन असलेले गाव मागे पडले. फसवल्या गेलेल्या मुलींच्या कथा सांगणाऱ्या 'शार्लट टेंपल' आणि 'द कॉकेट' या कादंबऱ्या १७९० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरोघरी वाचल्या गेल्या, त्या काही उगीच नव्हेत. धर्मजागृतीची लाट आली, स्त्रीच्या पावित्र्याचा नवा आदर्श उभा राहिला आणि वर सांगितलेले प्रमाण शेकडा तीसवरून दहावर उतरले. काही लेखकांनी याला नीतीचा विजय म्हटले. हेन्री स्टाइल्स याने १८६९ मध्ये बंडलिंगवर पुस्तक लिहिले तेव्हा ती प्रथा पूर्वजांची एक चमत्कारिक आठवण होऊन बसली होती.

आमच्या मते मात्र हा केवळ नीतीचा विजय नव्हता. पूर्वी जो पहारा सारे गाव मिळून करीत होते, तो आता एकट्या मुलीने स्वतःवर करावा अशी अपेक्षा आली. तोल सांभाळण्याचे ओझे दोघांच्या खांद्यांवरून एकीच्या खांद्यावर सरकले. बाप कोण हे विचारणारी सुईण गेली, आणि "तू सावध का राहिली नाहीस?" असे विचारणारा समाज आला.

श्रोतेहो, आपल्याकडेही लहान गावातून आणि लहान जातीजमातींतून मुले शहरात येतात, भेटतात, परस्परांना पसंत करतात किंवा नापसंत करतात. गावाची नजर त्यांना नकोशी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. त्या नजरेने पुष्कळांचा जीव गुदमरला आहे. परंतु आपण वडीलधारी माणसे त्यांच्याविषयी बोलतो तेव्हा काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. मुलीला वेळेवर घरी येण्याबद्दल आपण दहा प्रश्न विचारतो; मुलाला त्याच्या शब्दाबद्दल एकही विचारीत नाही. हॅलोवेलच्या त्या सुईणीला आपल्या मुलाचे नाव ऐकून काय वाटले असेल ते तिच्या वहीत नाही. तिने ते नाव लिहिले, एवढे मात्र आहे. मोकळीक द्यावी की न द्यावी यावर आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ वाद झाले आहेत आणि होतील. दिलेल्या मोकळिकीचा जाब दोघांनाही सारखाच विचारला जावा, आणि तो विचारताना आपला मुलगा म्हणून कोणाला वगळू नये, इतके तरी त्या रोजनिशीतून आपण उचलावे.