संगणकाच्या पडद्यावरील चित्रपट आणि डिजिटल पाऊलखुणा : इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :
एकविसाव्या शतकात चित्रपटाचा एक वेगळा प्रकार उदयास आला. या प्रकारात संपूर्ण कथानक संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावरच घडते. ई-मेल, संदेश, छायाचित्रे आणि व्हिडिओ कॉल यांतूनच कथा पुढे सरकते. त्यास 'स्क्रीनलाइफ' असे म्हटले जाते. हे चित्रपट पाहताना प्रेक्षक नकळत इतिहासकाराच्या भूमिकेत शिरतो, कारण त्याच्यापुढे व्यक्ती नसून तिने मागे ठेवलेल्या खुणा असतात. या डिजिटल पाऊलखुणा इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय मानाव्यात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कागदपत्रांच्या आधारे कथा सांगण्याची रीत जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसन यांची 'पामेला' (१७४०) ही कादंबरी पत्ररूप आहे, तर ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) रोजनिश्या, पत्रे आणि तारा यांतून कथानक उलगडते. पडद्यावर ही रीत पुढे आली ती २००० साली. त्या वर्षीच्या पिएर-पॉल रेंडर्स दिग्दर्शित 'तोमा ए आमुरो' या बेल्जियन चित्रपटात घराबाहेर न पडणारा नायक केवळ पडद्याद्वारे जगाशी बोलतो. २०१३ मध्ये कॅनडातील दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या 'नोआ' या सतरा मिनिटांच्या लघुपटाची टोरांटो महोत्सवात प्रशंसा झाली. लेव्हान गाब्रियाझे दिग्दर्शित आणि तिमुर बेकमाम्बेतोव्ह निर्मित 'अनफ्रेंडेड' (२०१४) या चित्रपटाने सुमारे दहा लाख डॉलर खर्चावर जगभरात सहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि हा प्रकार व्यावसायिकदृष्ट्या स्थिरावला. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष चित्रीकरणावर मर्यादा आल्या तेव्हा ब्रिटनमध्ये 'होस्ट' आणि भारतात महेश नारायणन यांचा 'सी यू सून' हा मल्याळम चित्रपट याच पद्धतीने निर्माण झाला.

पाऊलखुणा आणि साधनचिकित्सा :
अनीश चगंती दिग्दर्शित 'सर्चिंग' (२०१८) या चित्रपटात अमेरिकेतील एक पिता आपल्या बेपत्ता मुलीचा शोध तिच्याच लॅपटॉपमधून घेतो. तिने पियानोची शिकवणी कित्येक महिन्यांपूर्वी सोडली होती, हे त्याला या शोधात समजते. एकाच घरात राहूनही आपण मुलीस ओळखत नव्हतो, हे तिच्या खात्यांवरून त्याच्या ध्यानी येते. परंतु हीच साधने त्याची फसवणूकही करतात. मुलीशी स्नेह जोडणाऱ्या एका अनोळखी खात्यावरील छायाचित्र भलत्याच व्यक्तीचे, एका व्यावसायिक मॉडेलचे निघते. बनावट सनदेची परीक्षा करताना इतिहासकारापुढे जे प्रश्न असतात तेच येथेही आहेत. कागद कोणाचा, तो कोणी व कशासाठी लिहिला, आणि त्याला दुजोरा कोठून मिळतो? वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांमुळे अस्सल पत्राचे मोल मराठी अभ्यासकांच्या मनावर ठसले. डिजिटल युगात अस्सल कशास म्हणावे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

खोडलेली ओळ :
या चित्रपटांचे सर्वांत बोलके क्षण संदेश पाठविण्याचे नसून न पाठविण्याचे आहेत. 'सर्चिंग'च्या आरंभी पिता दिवंगत पत्नीचा उल्लेख असलेली ओळ मुलीसाठी टंकतो आणि पुसून टाकतो. अखेरीस तो उल्लेख असलेला संदेश तो पाठवितो, आणि तेवढ्यावरून त्याच्यात झालेला पालट कळतो. 'अनफ्रेंडेड'ची नायिकाही अनेकदा लिहिते व खोडते. कागदावरील खोडलेली ओळ शाईच्या खुणेवरून पुष्कळदा वाचता येते. पडद्यावरील पुसलेली ओळ मात्र प्राप्तकर्त्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याच्या दप्तरातही राहत नाही. म्हणजेच चित्रपट प्रेक्षकास जो पुरावा दाखवितो, नेमका तोच उद्याच्या इतिहासकारास मिळणार नाही.

तथापि ही खूण सर्वांनाच अदृश्य असते असे नाही. फेसबुकशी संबंधित दोन संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ लाख वापरकर्त्यांची सतरा दिवस पाहणी केली. त्यांपैकी ७१ टक्के व्यक्तींनी निदान एकदा तरी काही लिहून ते प्रसिद्ध न करता सोडून दिले होते. मजकूर नोंदविलेला नव्हता, परंतु संकोचाची नोंद झाली होती. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक वापरकर्त्यांची माहिती गैरमार्गाने वापरली गेल्याची शक्यता खुद्द फेसबुकने मान्य केली. सारांश, या दप्तराची किल्ली ना लिहिणाऱ्याकडे आहे, ना अभ्यासकाकडे. ती कंपनीकडे आहे.

जतन की विस्मरण?
कंपनीच्या निर्णयानुसार हे दप्तर नष्टही होते. याहूने अमेरिकेतील जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद केली. भारतात लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दुसरीकडे, पुसून टाकण्याची इच्छाही मानवी आहे. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'कंट्रोल' (२०२४) या हिंदी चित्रपटातील नायिका प्रियकराला आपल्या छायाचित्रांतून पुसण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविते आणि त्यातूनच तिचे आयुष्य परस्वाधीन होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती पुसून घेण्याच्या हक्काबरोबरच संशोधन व अभिलेखन यांसाठी सवलतीची तरतूद आहे. या दोहोंतील समतोल साधणे ही इतिहासाच्या अभ्यासकांची जबाबदारी ठरते.

निष्कर्ष :
१. स्क्रीनलाइफ चित्रपट ही पत्ररूप कथनपरंपरेचीच पुढील अवस्था आहे.
२. डिजिटल पाऊलखुणा विपुल असल्या तरी त्या स्वयंसिद्ध पुरावा ठरत नाहीत. त्यांची साधनचिकित्सा अनिवार्य आहे.
३. विपुलतेमुळे पूर्णतेचा भास होतो. मनुष्याने जे लिहून पुसले ते या दप्तरात नाही, आणि जे आहे त्यावर त्याची मालकी नाही. इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात मोडी कागदाच्या वाचनाबरोबर या नव्या कागदाच्या वाचनासही स्थान मिळणे आवश्यक आहे.