इराणी सिनेमा बघायचाय? मग हे पाच सिनेमे याच क्रमाने बघा

कुणीतरी सांगतं, "अरे, किआरोस्तामी बघ!" आपण रविवारी जेवण उरकून ‘टेस्ट ऑफ चेरी’ लावतो. १९९७ साली कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळालेला सिनेमा. पडद्यावर एक माणूस गाडी चालवतोय, चालवतोय, चालवतोयच. विसाव्या मिनिटाला आपल्या हातात मोबाईल येतो आणि "हे आपलं काम नाही" म्हणून विषय संपतो.

चूक तुमची नाही, सिनेमाचीही नाही. चुकला तो क्रम. म्हणून ही यादी.

१. चिल्ड्रन ऑफ हेवन (१९९७, माजिद मजिदी)

अलीकडून बहिणीचे बूट हरवतात. घरात नवे घ्यायला पैसे नाहीत, म्हणून दोघं भावंडं एकच जोड वापरतात. ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. मग धावण्याची शर्यत जाहीर होते आणि तिसऱ्या नंबरचं बक्षीस असतं बूट! ऑस्करचं नामांकन मिळवणारा हा पहिला इराणी सिनेमा. हिंदीतला ‘बम बम बोले’ (२०१०) यावरूनच बनला. घरच्या मुलांसोबत बघा.

२. व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस? (१९८७, अब्बास किआरोस्तामी)

मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. मित्राचं घर शेजारच्या गावात, पण नेमकं कुठे ते माहीत नाही. एवढीच गोष्ट. तरी शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो. याचं फारसी नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’. दवाखान्यातला ‘खाना’ आणि आपला ‘दोस्त’, दोन्ही तिथलेच!

सगळीकडे लहान मुलंच का?

१९७९ च्या क्रांतीनंतर सिनेमावर कडक निर्बंध आले. मोठ्यांचं प्रेम, राजकारण दाखवणं अवघड झालं. मुलांच्या गोष्टीत मात्र थोडी मोकळीक होती. मोठ्यांची दुनिया मुलांच्या डोळ्यांतून दाखवता येत होती.

आणखी एक गोष्ट खटकेल. बायका स्वतःच्या घरातही स्कार्फ घालून दिसतात, नवरा-बायकोही एकमेकांना हात लावत नाहीत. खऱ्या घरात असं नसतं. पण सिनेमा परके पुरुषही बघणार, म्हणून पडद्यावर हा नियम.

३. अ सेपरेशन (२०११, असगर फरहादी)

बायकोला देश सोडायचाय. नवऱ्याला अल्झायमर झालेल्या वडिलांना सोडून जायचं नाही. वडिलांना सांभाळायला एक बाई ठेवली जाते आणि एका दुपारी सगळं बिघडतं. पहिल्याच दृश्यात दोघं न्यायाधीशासमोर बसलेत, पण बोलतात थेट कॅमेऱ्याकडे बघून. म्हणजे खुर्चीत आपण! दोन तासांनंतरही निकाल देता येत नाही. २०१२ मध्ये याला ऑस्कर मिळालं.

४. क्लोज-अप (१९९०, किआरोस्तामी)

तेहरानमधला एक गरीब माणूस ‘मी प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ’ असं सांगून एका कुटुंबात शिरतो आणि पकडला जातो. घटना खरी. किआरोस्तामींनी खटला चित्रित केला आणि आधीचे प्रसंग त्याच माणसांकडून पुन्हा करून घेतले. फसवणारा आणि फसलेले, दोघंही स्वतःच्याच भूमिकेत.

५. टॅक्सी (२०१५, जाफर पनाही)

२०१० मध्ये पनाहींना सहा वर्षांची कैद आणि २० वर्षं सिनेमा न करण्याची शिक्षा सुनावली गेली. त्यांनी टॅक्सीत छोटे कॅमेरे बसवले, स्वतः चालक झाले आणि तेहरानमध्ये सिनेमा केला. बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण देशाबाहेर जायला बंदी होती. तो त्यांच्या भाचीने स्वीकारला. शेवटी नीट बघा. काम करणाऱ्यांची नावंच येत नाहीत. नाव दिसलं तर तो माणूस अडचणीत येईल, म्हणून. याच पनाहींना २०२५ मध्ये ‘इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’साठी कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

बघताना एवढं करा

- डब नको, सबटायटल लावा. पहिली दहा मिनिटं जड जातात, मग सवय होते.
- ओटीटीवर हे सिनेमे येतात-जातात. सापडला नाही तर दिग्दर्शकाच्या नावाने शोधा. दुसरा सिनेमा ‘हाऊस’ऐवजी ‘होम’ या नावानेही सापडतो.
- आठवड्याला एकच बघा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पाचही झाले की ‘टेस्ट ऑफ चेरी’ पुन्हा लावा. तो माणूस अजूनही गाडीच चालवत असेल. पण आता त्याला कुणाकडून काय हवंय, हे कळेपर्यंत तुम्ही थांबाल.