चिठ्ठीवरचा आयपी आणि कॉलेजचा प्रॉक्सी

२००० च्या आसपास ज्यांनी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर दिवस काढले, त्यांना हे आठवत असेल. कॉम्प्युटर आणला, वायर लावली म्हणून नेट चालू होत नसे. आधी कॉम्प्युटर सेंटरमध्ये अर्ज द्यायचा, मग चिठ्ठीवर आकडे मिळायचे: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस. ते सेटिंगमध्ये हाताने भरायचे. एक आकडा चुकला की नेट बंद. दोघांनी एकच आयपी टाकला की दोघांची भांडणं. शेवटी ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट भरायचा, बऱ्याच ठिकाणी ३१२८.

एवढी कटकट का होती? कारण सगळ्याचीच टंचाई होती.

भारतात इंटरनेट आलं ते सरकारी पैशातून आणि कॅम्पसमधून. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने यूएनडीपीच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग, अशी आठ ठिकाणं होती. ऐंशीच्या दशकाअखेरची लांब पल्ल्याची लाइन होती ९.६ केबीपीएसची. त्या वेगाने आज एक एमबीचा फोटो यायला पाऊण तास नाही, तरी पंधरा मिनिटं नक्की लागतील. सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं नेट मिळालं ते थेट १५ ऑगस्ट १९९५ ला.

दुसरी टंचाई पत्त्यांची. जुन्या पद्धतीत साऱ्या जगासाठी आयपी पत्ते साधारण ४३० कोटीच. म्हणून १९९४ मध्ये काही पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवले गेले. १० ने सुरू होणारे कॅम्पसचे पत्ते त्यातलेच. हजारो मशीन आत, बाहेर दिसणारे पत्ते मोजकेच. पत्ते आपोआप वाटणारं डीएचसीपी १९९३ मध्येच तयार झालं होतं. ते हळूहळू सगळीकडे आलं आणि चिठ्ठी गेली.

प्रॉक्सीचं कामही तेव्हा सरळ होतं. लाइन बारीक, वापरणारे शेकडो. एकाने पान उघडलं की त्याची प्रत कॅम्पसमध्ये ठेवायची आणि पुढच्याला तीच द्यायची. १९९६ मध्ये आलेलं 'स्क्विड' हे फुकटचं सॉफ्टवेअर त्यासाठीच लोकप्रिय झालं. ३१२८ हा त्याचाच ठरलेला पोर्ट.

आता लाइन बारीक राहिली नाही. २०१० पासून राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कने मोठ्या संस्था गिगाबिटच्या वेगाने जोडल्या. बहुतेक वेबसाइट एन्क्रिप्टेड असल्यामुळे प्रत ठेवण्याचा उपयोगही फारसा उरला नाही. तरी अनेक कॅम्पसमध्ये लॉगिन, फिल्टर आणि नोंदवही कायम आहे. पाणी वाचवायला बसवलेल्या नळावर आता पहारेकरी उभा आहे.

पहारा अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. एकाच पत्त्यामागे हजारो जण असतील आणि कुणी फसवणूक केली, तर ती कुणी केली हे संस्थेला सांगता यायला हवं. त्यासाठी कोणत्या वेळी कोण जोडलेलं होतं, एवढी नोंद लागतेच. पण विद्यार्थ्याने कोणती साइट पाहिली, आजाराविषयी काय शोधलं, कोणत्या आंदोलनाची बातमी वाचली, हे साठवायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. तो लॅबमधल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

म्हणून कॉलेजला तीन गोष्टी लेखी विचारा. कशाची नोंद ठेवता? किती दिवस ठेवता? ती कोण पाहू शकतं? विद्यार्थ्यांनी विचारा, पालकांनी विचारा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात तर माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

पूर्वी विद्यार्थी अर्ज करायचा आणि कॉलेज चिठ्ठी द्यायचं. आता कॉलेजनेही एक चिठ्ठी द्यायला हवी, नियमांची.