स्पोर्ट्‌स कारच्या मीटरचा काटा: बर्लिन ते इलेक्ट्रॉनिक सिटी

मोटारीच्या वेगमापकाचे पहिले महत्त्वाचे पेटंट ओटो शुल्झे यांनी १९०२ साली बर्लिनमध्ये घेतले. गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. तरीही वाटीत निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे ती चुंबकामागे ओढली जाते, तर केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीचा तोल जिथे साधतो, तिथे काटा थांबतो. केबल कोरडी पडली की काटा थरथरतो, हे जुनी स्कूटर चालवलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

असे मीटर बनवणाऱ्या ‘ओटा’ आणि ‘डॉयटा’ यांच्या एकत्रीकरणातून १९२९ मध्ये व्हीडीओ ही कंपनी उभी राहिली. पोर्शेच्या गाड्यांना मीटर पुरवणारी ती हीच. १९६३ साली लोकांसमोर आलेल्या ९११ मध्ये पाच गोल तबकड्या ओळीने होत्या आणि मधली, सर्वांत मोठी तबकडी वेगाची नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांची होती. गिअर कधी बदलायचा हे फेऱ्यांवर ठरते, म्हणून ही मांडणी. शर्यतीच्या गाड्यांत कारागीर याहून पुढे गेले. ते तबकडीच फिरवून बसवत, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा दाखवणारी लाल रेषा घड्याळातल्या बाराच्या जागी येई. आकडे तिरके दिसत, पण चालकाला ते वाचायचेच नसत. काटा उभा झाला की गिअर बदलायचा, एवढे पुरे. मीटरच्या रचनेतले इतके नेमके शहाणपण क्वचितच दिसते.

बॉशने १९८६ मध्ये कॅन बस ही गाडीच्या भागांत संदेश नेणारी व्यवस्था मांडली आणि पुढे केबलची जागा तारेतल्या संदेशांनी घेतली. काटा आता स्टेपर मोटर फिरवू लागली. व्हीडीओ २००१ मध्ये सीमेन्सकडे आणि २००७ मध्ये कॉन्टिनेन्टलकडे गेली. याच कॉन्टिनेन्टलचे तांत्रिक केंद्र बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आले.

कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ने १९७८ मध्ये उभी केली; कल्पना आर. के. बाळिगा यांची. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली इन्फोसिसही पुढे इथेच विसावली. शेजारच्या बोम्मसंद्र्यातून २००१ मध्ये रेवा ही विजेवरची मोटार बाहेर पडली. अशा गाडीत चालकाची नजर आधी बॅटरीत उरलेल्या चार्जकडे जाते.

पडद्यावरचे मीटर आल्यावर काट्याचे वजनच उरले नाही. लेक्सस एलएफएच्या इंजिनाच्या फेऱ्या इतक्या झपाट्याने वाढत की खरा काटा मागे पडे, म्हणून तिथे पडदा बसवला गेला. ९११ ने २०१८ मध्ये फक्त मधली तबकडी खऱ्या काट्याची ठेवली. २०२४ मध्ये तीही गेली. चित्रातला काटा मात्र आलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा दाखवू लागला तर झटके देतो. म्हणून सॉफ्टवेअर त्याची हालचाल मुद्दाम गुळगुळीत करते, जुन्या स्प्रिंगचे काम गणिताने होते. वेगाबाबत नियमही असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किमी इतकाच. म्हणजे ताशी १०० किमी वेगाला मीटर ११४ पर्यंत दाखवू शकते.